किल्ल्यावर महाराज नव्हते

हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही. मानसीला, म्हणजे बायकोला, मी दाढदुखीपासून ऑफिसातल्या रुसव्याफुगव्यांपर्यंत सगळं सांगतो — पण हे नाही. पुण्याच्या मित्रांना तर नाहीच नाही. मग तुम्हाला का? तुमची-माझी ओळख नाही म्हणून असेल. आणि समजा असली — तुम्ही इकडे डच मुलखात, बेस्ट गावात किंवा आइंडहोवनच्या आसपास राहत असाल, आमच्या मंडळाच्या दिवाळीला कधी फराळाला आला असाल — तर ही गोष्ट तुम्ही ऐकलेली आहे. फक्त तुम्ही ऐकलीत तशी ती नाही.

लढाईपासून सुरू करतो. लढाईबद्दल बोलणं सोपं आहे, तिच्यात मी नव्हतो.

सहा-सातशे वर्षांपूर्वी इथून उत्तरेला, नद्यांच्या पट्ट्यात, एका ड्यूकचं राज्य होतं. ड्यूक मेला, मागे दोन मुलगे. थोरला गादीवर बसला तेव्हा पोरच होता. धाकटा मोठा होईपर्यंत सगळं बरं चाललं, मग त्याला वाटायला लागलं की गादी आपल्याला जास्त शोभते. अर्धे सरदार याच्याकडे, अर्धे त्याच्याकडे. बरीच वर्षं एकमेकांची गावं जाळून झाल्यावर नदीकाठच्या एका गावापाशी निकाली लढाई झाली आणि थोरला पकडला गेला. धाकट्याने त्याला मारलं नाही. एका बुरुजात ठेवलं, खायला-प्यायला भरपूर देऊन. पुढे धाकटा दुसऱ्याच कुठल्या लढाईत मेला, तेव्हा सरदारांनी थोरल्याला बाहेर काढून परत गादीवर बसवलं, आणि तोही थोड्याच महिन्यांत गेला. दोघांनाही मूलबाळ नाही, म्हणजे परत वारसाचं भांडण. आपल्याकडे याला भाऊबंदकी म्हणतात, आणि तो शब्द ऐकला की मराठी माणसाला बाकी काही समजावून सांगावं लागत नाही.

ही लढाई मला सिद्धार्थमुळे कळली. या देशात मी त्याच्या आधी आलो, त्याच्यापेक्षा जास्त वर्षं राहिलो — आणि तरी मला ती त्याच्यामुळे कळली. बघा, इतक्या वर्षांनी लिहितानासुद्धा हे वाक्य मला नीट गिळता येत नाही.

सिद्धार्थ मूळचा नाशिकचा. एनस्खेडेच्या विद्यापीठात संशोधन करून मग आमच्या भागात नोकरीला आला, आणि बेस्टमध्ये आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून घर घेतलं. बायको प्रज्ञा, तीही संशोधनातलीच. त्यांच्या बैठकीत खिडकीपाशी बुद्धाची एक छोटी मूर्ती होती. त्याचं आडनाव मी इथे लिहिणार नाही. ते ऐकलं की आपली माणसं क्षणभर थांबतात आणि मग जरा जास्तच गोड बोलायला लागतात, हे मी कितीदा तरी पाहिलंय. माझं आडनाव ऐकून कुणी थांबत नाही. यात माझं कर्तृत्व काही नाही, पण तेव्हा हे मला कधी जाणवायचंही नाही.

आम्ही मित्र होतो. खरंच होतो. शनिवारी सकाळी सायकली काढून कालव्याच्या कडेने जायचो, परत येताना त्याच्या घरी चहा. तो चहा — अगदी कबूल करायचंच ठरवलंय म्हणून सांगतो — तो चहासुद्धा मला सलायचा. मानसी एकदा म्हणाली, "सिद्धार्थसारखा चहा कर ना एकदा." झालं. त्यानंतर कितीतरी दिवस मी घरात चहा केला नाही. याला काय म्हणायचं? चाळिशी गाठलेला इंजिनिअर, स्वतःचं घर, बरी नोकरी, आणि आल्याच्या चहावरून पोटात दुखतंय.

तो डच बोलायचा. म्हणजे मीही बोलतो, दुकानात आणि कचऱ्याच्या डब्यावरून शेजाऱ्यांशी बोलण्यापुरतं. तो मात्र डचमध्ये विनोद करायचा आणि शेजारी हसायचे. आमची इरा लहान असताना सायकलवरून पडली, मनगट सुजलं. मी हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरकडे फोन केला, इंग्रजीत, अगदी काकुळतीला येऊन. पलीकडच्या बाईंनी पॅरासिटामॉल द्या आणि उद्या बघू असं सांगितलं. मग सिद्धार्थने फोन केला. काय बोलला कोण जाणे, तासाभरात इराच्या हाताचा एक्सरे झालेला होता. हाड मोडलेलं होतं. मी त्याचे हात हातात घेऊन आभार मानले, आणि त्या उपकाराबद्दल मी त्याला मनातून कधी माफ केलं नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

पण एक गोष्ट माझी होती. किल्ला.

दिवाळीला मंडळ ब्यूर्टहाउस भाड्याने घेतं, वस्तीचं सार्वजनिक सभागृह असतं ना, ते. त्याच्या मागे थोडी मोकळी जमीन आहे. तिथे मुलांना घेऊन किल्ला करायचा ही टूम मी काढली होती. आमच्या ब्राबांट प्रांताची माती वाळूची, हातात धरली की सांडते. तिचा बुरूज उभा राहत नाही. म्हणून मी नदीकडच्या एका शेतकऱ्याकडून चिकणमाती आणायचो, गोणपाट तिच्या गाऱ्यात बुडवून विटांवर टाकायचो, आणि वरून अळीव पेरायचो. अळीव इथे टाउनकेर्स नावाने कुठल्याही दुकानात मिळतात, शाळेत मुलं ते कापसावर रुजवतात. आठवडाभरात किल्ला हिरवागार. मावळे मात्र पुण्याहून, दर उन्हाळ्यात एक खोका. राजगड, प्रतापगड, एकदा तर पन्हाळा, पाऊस पडून निम्मा वाहून गेला तरी. माच्या, बुरूज, चोरदरवाजा सगळं मी मुलांना सांगायचो. मुलं ऐकायची. म्हणजे उभी राहायची. मग एकेक जण आत सटकायचं. इरा तर माझीच मुलगी, ती सटकू शकत नव्हती, म्हणून ती दर थोड्या वेळाने डचमध्ये विचारायची की आता घरी जायचं का.

तिला मराठी समजायचं, अगदी सगळं. पण माझ्याशी ती मराठीत कधी बोलायची नाही. मी मराठीत विचारायचो, ती डचमध्ये उत्तर द्यायची. गोष्टी सांगितल्या, गाणी लावली, आजीशी रोज व्हिडिओवर बोलायला बसवलं, आमिषं दाखवली, शेवटी एकदा ओरडलोसुद्धा. नाही. माझ्या घरात माझी भाषा माझ्यापाशी येऊन थांबणार, हे मला दिसत होतं आणि काही करता येत नव्हतं. या एका गोष्टीचं मला किती लागायचं हे तुम्ही लक्षात ठेवा. सबब म्हणून नव्हे. पुढचं कशावरून झालं ते कळावं म्हणून.

त्या वर्षी, इरा नऊ वर्षांची असताना, दिवाळीच्या तोंडावर मला कामासाठी तैवानला जावं लागलं. मशीन बसवायचं होतं, टाळण्यासारखं नव्हतं. किल्ल्याचं काय? मीच सिद्धार्थला म्हणालो, तू बघ या वर्षी. मावळ्यांचा खोका त्याच्या दारात नेऊन दिला. मनात म्हटलं, बघू या कसा जमतो.

परत आलो त्या दुपारी विमानतळावरून सामान घरी टाकलं आणि चालत ब्यूर्टहाउसकडे गेलो. मागून आवाज येत होता. मुलांचं भांडण चाललं होतं — मराठीत. मी कोपऱ्यावरच थांबलो.

डोंगर नव्हताच. सपाट जमीन, मधून खणलेली नदी, नदीत खरं पाणी, काठावर चौकोनी डच किल्ला, चारी बाजूंनी खंदक, उचलता येणारा लाकडी पूल. आणि माझे मावळे दोन बाजूंना विभागून उभे. एका बाजूच्या मावळ्यांच्या पगड्यांना कुणाच्या तरी आईचं लाल नेलपॉलिश लावलेलं. लाल पगड्या धाकट्याच्या, साध्या पगड्या थोरल्याच्या. सिद्धार्थने मुलांना एवढंच विचारलेलं होतं, की गादी खरी कुणाची? आणि मुलं गेले कित्येक दिवस त्यावरून कडाकडा भांडत होती. त्याने अट घातली होती म्हणे, भांडायचं ते मराठीत, कारण दिवाळीच्या कार्यक्रमात भारतातून आलेल्या आजी-आजोबांना ही लढाई समजावून सांगायची आहे. आणि सांगणार कोण? इरा.

ती चिखलात गुडघ्यावर बसली होती. हातात काठी. म्हणत होती, "थोरला आधी जन्मला म्हणून गादी त्याची? हे काय कारण झालं?" मग तिला एक शब्द अडला. तिने सिद्धार्थकडे बघितलं. त्याने सांगितला. "हां, फितूर. सरदार फितूर झाले." तो र तिने घशातून काढला, डच लोक काढतात तसा. फितूर! मला वाटतं मी आयुष्यात तिच्या तोंडून ऐकलेली ती पहिली पूर्ण मराठी वाक्यं, आणि ती माझ्यासाठी नव्हती.

मी पुढे झालो. आनंद झाल्यासारखा चेहरा केला, तो मला चांगला जमतो. म्हटलं, अगं, किल्ला चारी बाजूंनी घेरला की वेढा पडला म्हणतात, थांब मी सांगतो. ती म्हणाली, "बाबा, तू नको. काकाला माहितीये." आणि परत काठीने नदी उकरायला लागली.

आता तुम्हीच सांगा, यात रागवण्यासारखं काय होतं? पोरगी मराठी बोलत होती. मला हवं होतं ते सगळं माझ्या डोळ्यांसमोर होत होतं. दुसरा कुणी बाप असता तर त्याने त्या माणसाला मिठी मारली असती. मी घरी येऊन बॅग उपसली, मानसीवर कारण नसताना खेकसलो, आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसून राहिलो. जळत होतो मी. साधा, सरळ जळफळाट. थोरला आधी आला म्हणून गादी त्याची का, हे ती त्या ड्यूकबद्दल बोलत होती, पण मला ते माझ्याबद्दलच वाटलं.

पुढचे काही दिवस हेच. इरा शाळेतून आली की दप्तर टाकून किल्ल्यावर. संध्याकाळी आरशासमोर उभी राहून पाठ करायची — गादी, वारस, तह, वेढा. मी दाराशी उभा राहिलो की गप्प व्हायची. माझ्यासमोर तिला लाज वाटायची आणि त्याच्यासमोर वाटायची नाही. याचं कारण मी शोधायला हवं होतं, नाही का? मी ते शोधलं नाही. मी त्याच्यातलं वैगुण्य शोधत बसलो, आणि मला ते सापडलं.

इथे सगळ्या मुलांना पोहायला शिकावंच लागतं, चहूकडे पाणी. क्लासच्या वेळी आईबाप वरच्या गॅलरीत बसतात, क्लोरिनच्या वासात, कोट काढून मांडीवर घेऊन. त्या बुधवारी शेजारी शुभदावहिनी होत्या. मंडळाच्या सेक्रेटरी. बाई मनाने चांगल्या, पण त्यांना सांगितलेलं संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं हे सगळ्यांना माहीत आहे. मलाही माहीत होतं. त्यांनी विचारलं, किल्ला कसा झालाय यंदा? मी म्हटलं, "छानच झालाय. फक्त महाराज नाहीत त्याच्यावर. आणि मावळे आपापसात लढतायत."

त्या माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "म्हणजे? दिवाळीच्या किल्ल्यावर महाराजच नाहीत?"

इथे मी थांबू शकलो असतो. इथपर्यंत निदान माहिती तरी होती. पण मी हसलो, खांदे उडवले, आणि म्हणालो, "जाऊ द्या हो वहिनी. आपल्याला वाटतं तसं त्यांना कसं वाटणार?"

त्यांना. मी कुणाचं नाव घेतलं नाही. जातीबद्दल चकार शब्द काढला नाही. मी तसला माणूसच नाही, हे माझं स्वतःबद्दलचं मत होतं, पुण्यातही आणि इथेही. पण मला नेमकं माहीत होतं की ते वाक्य कुठे जाऊन लागणार आहे. तेवढ्यासाठीच ते निवडलं होतं. वहिनींनी मान हलवली, हळूच, समजल्यासारखी. खाली इरा पाठीवर पोहत होती आणि तिने मला बघून हात केला. मीही केला.

संध्याकाळी ग्रुपवर सुरू झालं. आधी एकाने विचारलं, ऐकलं ते खरं का? मग किल्ल्याचे फोटो. मग आपला इतिहास, आपली अस्मिता, मुलांवर कुठले संस्कार करतोय आपण. ज्यांच्या स्वतःच्या मुलांनी किल्ल्याला कधी बोट लावलं नव्हतं, ते सगळ्यांत जास्त पेटले. एकाने लिहिलं, ज्यांना महाराजांबद्दल प्रेम नाही त्यांच्याकडे किल्ला दिलाच कुणी? आणि एकाने सिद्धार्थचं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. आमच्या ग्रुपवर एरवी कुणी कुणाचं आडनाव लिहीत नाही. त्यानंतर बराच वेळ कुणीच काही लिहिलं नाही, मीही नाही.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, जीभ घसरली, हेवा वाटला, माणूस आहे. तसं नाही. अजून मी मुख्य सांगितलेलंच नाही. किती पानं फिरवलं बघा तुम्हाला.

मी तैवानला असताना सिद्धार्थचा फोन आला होता. मी हॉटेलच्या लॉबीत होतो. त्याने मला सगळं सांगितलं — मुलांना शाळेतून कळलेली इथली लढाई करायची आहे, तुझी हरकत नाही ना? मी म्हटलं, नाही. मग तो म्हणाला, "महाराजांचं काय करू? दोन भावांच्या गादीच्या भांडणात महाराजांना नुसतं शोभेला उभं करणं मला बरं वाटत नाही. त्यांचा मान राहत नाही त्यात. सिंहासन वेगळं, दाराशी, सजवून ठेवू का?" त्याने विचारलं होतं. माझ्यापेक्षा जास्त विचार करून विचारलं होतं. आणि मी म्हणालो होतो, "अगदी बरोबर. किल्ल्यावर नकोच. दाराशी ठेवू, मी आल्यावर मांडतो." मावळ्यांचंही त्याने विचारलं. मी म्हटलं, वापर बिनधास्त, इथे दुसरे सैनिक कुठून आणणार आहेस?

महाराजांची मूर्ती आणि सिंहासन माझ्याच घरी, कपाटात होतं. परत आल्यावर मी ते मांडलं नाही. मुद्दाम नाही, असं आधी स्वतःला सांगायचो. मुद्दामच.

रविवारी फराळाची वाटणी ठरवायला बैठक होती. विषय लगेच किल्ल्यावर आला. शुभदावहिनी शक्य तितक्या सौम्यपणे म्हणाल्या, "सिद्धार्थ, तुमचा हेतू वाईट नसणार हो. पण निदान कुणाला तरी विचारायचं होतंत."

सिद्धार्थने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. नुसतं बघितलं, आता तू बोल अशा अर्थाने. प्रज्ञा शेजारी बसली होती, तिनेही बघितलं. म्हणजे तिलाही त्या फोनचं माहीत होतं. माझ्या हातात चकली होती. मी तिचे तुकडे केले, मग तुकड्यांचे तुकडे. खोलीतली सगळी माणसं त्याच्या उत्तराची वाट बघत होती आणि तो माझ्या. "नचिकेतला विचारलं होतं" — एवढं, माझं नाव घेऊन, म्हणाला असता तरी संपलं असतं. तो का म्हणाला नाही? मी बोलेन याची त्याला खात्री होती? की मी बोलणार नाही हे कळल्यावर त्याला त्या खोलीतलं काहीच नको झालं? मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

"मुलांनी मेहनत घेतलीये," तो शेवटी म्हणाला. "त्यांना वाईट वाटणार नाही एवढं बघा. बाकी तुम्ही ठरवा." दोघं उठले, कोट घातले आणि गेले. जाताना त्याने दार हलकेच लावलं.

आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. नचिकेत, आता तूच सांभाळ. गंमत बघा, त्या क्षणी मला बरं वाटलं. लाज वगैरे नंतर. आधी बरं वाटलं. गादी परत मिळाल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी मी खंदक बुजवला. नदी बुजवली. माती चढवून डोंगर केला आणि वर सिंहासन ठेवलं. मावळ्यांच्या पगड्यांवरचं नेलपॉलिश स्वयंपाकघरात बसून रिमूव्हरने पुसून काढलं, कापूस लाल होत होता. इरा समोर उभी होती. तिने विचारलं, का? डचमध्ये. आणि मी — हे मला लिहायला सगळ्यांत जड जातंय — मी म्हटलं, "काकाने चूक केली, बाळा. कुणाला न विचारता केलं."

कार्यक्रमात सगळ्यांनी किल्ल्याचं फार कौतुक केलं. एका आजोबांनी इराला विचारलं, कुठला गं हा किल्ला? तिने खांदे उडवले आणि माहीत नाही म्हणाली, डचमध्ये. माझ्याशी तर ती आणखीच कमी बोलायला लागली. सिद्धार्थ आणि प्रज्ञा परत मंडळात आले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात ते एनस्खेडेला परत गेले, त्याला विद्यापीठात नोकरी मिळाली म्हणून, असं सगळे म्हणाले. मीही तेच म्हणालो. पुढे दोनेक वर्षं मी किल्ला केला, मग मुलं येईनाशी झाली आणि तो बंद पडला.

आता इरा सतरा वर्षांची आहे. शाळेचं शेवटचं वर्ष. या वसंतात ती म्हणाली, एनस्खेडेच्या विद्यापीठात प्रवेशाआधीचा खुला दिवस आहे, तू येशील का सोबत? मला केवढं बरं वाटलं. गाडीत बसल्यावर तिने सांगितलं, की तिने सिद्धार्थकाकाला शोधून मेल केला आहे आणि तो दुपारी कँटीनमध्ये भेटणार आहे. बाकीचा प्रवास मी खिडकीतून गाई बघत बसलो.

तो जाडा झालाय थोडा. केस पिकलेत. मला बघून उठला, पाठीवर हात ठेवला, "कसा आहेस?" म्हणाला, मनापासून. आणि इरा त्याच्याशी मराठीत बोलायला लागली. मोडकंतोडकं, मध्ये डच, मध्ये इंग्रजी, पण न लाजता, हात हलवत. मला लाज वाटायला हवी होती ना? त्या टेबलापाशी, त्या माणसासमोर? सगळ्यात आधी वाटला तो हेवा. तसाच, ताजा, इतकी वर्षं कुठे जपून ठेवल्यासारखा.

मग तिने विचारलं. सहजच, कॉफी ढवळता ढवळता. "काका, तेव्हा तू महाराजांना का नव्हतं ठेवलं किल्ल्यावर? कुणाला विचारलं पण नाहीस?"

सिद्धार्थने माझ्याकडे बघितलं. तेच बघणं. रागाने नाही. त्याने कप उचलला, एक घोट घेतला, कप खाली ठेवला. त्याने मला वेळ दिला. मला ते कळत होतं. मी खिशातून फोन काढला आणि परतीच्या गाडीची वेळ बघितली, जी मला पाठ होती.

"माझं चुकलं गं तेव्हा," तो इराला म्हणाला. "आधी सगळ्यांना विचारायला हवं होतं मी."

मी फोन खिशात घातला. मग म्हटलं, चला, उशीर होतोय.

परतीच्या गाडीत इरा खिडकीबाहेर बघत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, काका किती मोठ्या मनाचा आहे ना. इतक्या वर्षांनी पण चूक मान्य केली त्याने."

"हो," मी म्हटलं. "आहेच तो तसा."

ती माझ्याशी मराठीत बोलली होती, आपण होऊन, आणि मला आनंद झाला.